बाबांची अर्धी हजेरी

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ते वनविभागात रोजंदारीवर होते. जानेवारी १९९१, कूपकटाई म्हणजे जंगलाच्या आखून दिलेल्या तुकड्यातली सरकारी तोड चालू होती, सागाचं झाड पडताना वरच्या वरती पळसवेलीत अडकलं आणि बुडातून फिरलं. घरात मला एवढंच सांगितलेलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात असं मरण काही नवीन नाही, कोणाला वाघ, कोणाला वणवा, कोणाला झाड. लोक दोन दिवस हळहळतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा धानाचा भाव.

तर तीन वर्षांपूर्वी बांधावरची दोन सागाची झाडं तोडायच्या परवानगीसाठी मी वनविभागाच्या एका ऑफिसात गेलो होतो (कोणतं ते लिहीत नाही, तिथे अजून कामं पडतात) आणि नेमका तो ११ सप्टेंबर निघाला. वनशहीद दिन. मला असा काही दिवस असतो हेच माहीत नव्हतं. आवारात मांडव, एका बोर्डाला हार, बोर्डावर नावं, गणवेशातले लोक रांगेत उभे. दोन मिनिटं शांतता झाली, मीही उभा राहिलो. मग जवळ जाऊन बोर्ड वाचला तर वनरक्षक, वनपाल, एक आरएफओ (वनक्षेत्रपाल), एक ड्रायव्हर. मजूर एकही नाही.

आस्थापनेच्या टेबलवर विचारलं, साहेब, माझे बाबा पण कामावरच गेले, त्यांचं नाव यात घालायचं तर काय करावं लागेल? ते म्हणाले, "भाऊ, हा बोर्ड कर्मचाऱ्यांचा आहे. रोजंदारीवाल्यांचा नाही." मी म्हटलं काम तर तेच होतं. यावर ते जे बोलले ते मी कधी विसरणार नाही, आणि माणूस वाईट नव्हता बरं का, सहज बोलून गेला. "हे लोक जंगल वाचवताना गेले. तुझे बाबा झाड तोडताना गेले ना."

दोन दिवस ते डोक्यातून जाईना. मग मोबाइलवर हा ११ सप्टेंबर कुठून आला ते वाचत बसलो. तो आला राजस्थानातून. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये महाराजा अभयसिंहाच्या महालाच्या कामासाठी खेजडीची झाडं तोडायला माणसं आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली, तिच्यामागे बिश्नोई लोक, आणि ३६३ जणांनी जीव दिला. त्यांच्या आठवणीत केंद्राच्या वन मंत्रालयाने २०१३ मध्ये हा दिवस ठरवला. आता मला सांगा, त्या ३६३ जणांपैकी कर्मचारी कोण होतं? कोणाचं सर्व्हिस बुक होतं? ज्यांच्या नावाने दिवस पाळता तेच गावकरी होते आणि बोर्डावर मात्र कायम नोकरीवालाच पाहिजे.

राहिला तोडण्याचा मुद्दा. बाबांनी चोरीचं झाड तोडलं नव्हतं. त्या झाडाच्या बुडाशी तोडायचं झाड म्हणून सरकारी हॅमरचा ठोका होता, कूप सरकारी आराखड्यातला, माल सरकारी डेपोत जाणार. २०२३ ला बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान निघालं तेव्हा केवढी मोठी मिरवणूक होती, टीव्हीवर पाहिली, चांगलंच वाटलं, आपल्याकडचं लाकूड आहे म्हणून. पण आई पाहता पाहता म्हणाली, लाकडाले हार घालतेत, कापणाऱ्याले कोणी नाही.

मग अर्ज केला. वर लिहिलेलं सगळं, जरा सभ्य भाषेत. त्यात २०२१ चं उदाहरण पण टाकलं, एप्रिलमध्ये नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले, ते हंगामीच होते, आगीने काही नेमणुकीचा आदेश विचारला नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं की संबंधित व्यक्ती मृत्यूच्या दिवशी शासकीय कामावर हजर होती याचा पुरावा जोडा.

इथून खरी वरात सुरू झाली. आईच्या पेटीत ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला होता, त्यावर कारण "अपघात" बस. पोलीस स्टेशनला मर्गचा, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा कागद मागितला तर एवढं जुनं नाही. बाबांच्या टोळीतले दोघं काका अजून आहेत. ते १९९६ च्या जीआरने कायम झाले, १ नोव्हेंबर १९९४ ला ज्यांची पाच वर्षं, दरवर्षी २४० दिवस भरत होती त्यांना घेतलं होतं. म्हणजे बाबा जगले असते तर तेही कायम झाले असते आणि मग बोर्डावर नाव यायला अडचण नव्हती, फक्त मेलेले नसते. असा सगळा हिशेब आहे. दोघांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं, पण ऑफिसला कागद पाहिजे होता, मस्टर म्हणजे हजेरीपट.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवस पूर्ण होता होता उत्तर, "सदर अभिलेख उपलब्ध नाही". इथे बहुतेक लोक सोडून देतात, मीही सोडणार होतो. पण एका रिटायर्ड लेखापालांनी सांगितलं ते लिहून ठेवतो, कोणाच्या कामी येईल. त्यांचं म्हणणं, तू माहिती मागू नको, पाहणी माग. आणि मस्टर म्हणू नको, व्हाउचर म्हण, कारण मजुरीचे पैसे व्हाउचरवर निघतात आणि मस्टर त्याच्या मागे टाचलेलं असते. वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, सुनावणीला गेलो, तिथल्या मॅडमनी पाच मिनिटांत ऐकून घेतलं आणि रेकॉर्ड रूम दाखवा असा आदेश दिला.

रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या इमारतीच्या मागची खोली. खाकी रुमालात बांधलेली दप्तरं छतापर्यंत, खालच्या दोन थरांची वाळवीने माती केलेली, वरच्यांवर पालीची अंडी. सोबत दिलेला शिपाई बिचारा नाकाला दुपट्टा बांधून गाठी सोडत होता. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी त्यानेच हाक मारली, "भाऊ, एक्याण्णव म्हणत होते न?"

लांबट पिवळा कागद, मधल्या घडीवर फाटलेला. बावीस नावं. अकराव्या नंबरवर बाबा, आडनाव चुकीचं पण गाव आणि आजोबांचं नाव बरोबर. पुढे तारखांच्या चौकटी, प्रत्येक दिवसाला एक उभी रेघ. बाकी एकवीस जणांच्या रेघा आठवड्याच्या शेवटापर्यंत. बाबांच्या रेघा बुधवारपर्यंत. गुरुवारच्या चौकटीत नाकेदाराने (वनरक्षकाने) लिहिलं होतं ½. त्यापुढे काही नाही. अंगठ्याच्या रकान्यात आईचा अंगठा, पैसे तिनेच उचलले असणार.

मेलेल्या दिवसाची अर्धी मजुरी लावली होती. आधी मला राग आला, मग हसू आलं, मग त्या शिपायासमोरच रडलो, त्याने काही न बोलता पाण्याची बाटली दिली.

झेरॉक्स आईला दाखवली. तिला वाचता येत नाही, मी बोट ठेवून सांगितलं, ही बघ, गुरुवारी अर्धी हजेरी. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अर्धी म्हणजे दुपार झाली होती. जेवला होता मंग." त्या सकाळी चूल पेटायला उशीर झाला म्हणून भांडण झालं होतं आणि बाबा तसेच निघून गेले होते, भाकरी तिने मागून शेजाऱ्याच्या हाती पाठवली. पोचली की नाही तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तेहतीस वर्षं. मला हे त्या दिवशी कळलं.

पुढचं सोपं होतं म्हणजे सोपं नव्हतं, पण तेवढंच होतं. मस्टर, प्रतिज्ञापत्रं, पुन्हा अर्ज, साहेबांची बदली, नवीन साहेब, पुन्हा तोच अर्ज. नवीन साहेबांनी फाइल वाचली आणि विचारलं, असे अजून किती असतील? मी म्हटलं सर, तुमच्या खोलीत बघा. त्यांनी खरंच दोन वनरक्षकांना दप्तरं लावायला बसवलं. अजून चार नावं निघाली, त्यात एक बाई, नर्सरीतली.

गेल्या ११ सप्टेंबरला आईला घेऊन गेलो. बोर्डावर खाली पाच ओळी नवीन, पेंट अजून चकाकत होता. पदाच्या रकान्यात "वनमजूर". आणि पेंटरने सगळ्यांच्या नावाला शोभेल म्हणून असेल, बाबांच्या नावाला "राव" लावून टाकलं होतं. जन्मात कोणी राव म्हटलं नाही त्या माणसाला. टेबलवरचे तेच साहेब जवळ आले, म्हणाले चुकलं वाटते, दुरुस्त करून घेऊ, एक साधा अर्ज द्या.

मी आईला सांगितलं की बाबांना राव केलंय. ती पदर तोंडाला लावून हसली.

"राहू दे," म्हणाली. "पुसू नको."