कामठीचा बर्फ कारखाना पाहायचा तर पहाटे पाचला जा

पहिल्यांदा गेलो तेव्हा मे महिन्यातली दुपार होती. कारखान्याच्या दारात एक ओलं पोतं पडलेलं, बाकी सगळं शांत. मिस्त्रीकाका बाहेर आले आणि म्हणाले, "आता काय भेटन भाऊ? सकाळी पाचला या न जी, तवा लाद्या निघतात." दुसऱ्या दिवशी पावणेपाचला हजर झालो. म्हणून पहिली सूचना हीच: एप्रिल ते जून या काळात, उजाडायच्या आत पोचा. इतक्या पहाटे मेट्रो मिळत नाही. नागपूरहून स्वतःची गाडी काढा आणि इंदोरा चौकावरून कामठी रोड धरा.

कन्हानच्या काठी इंग्रजांनी 1821 साली कामठीची छावणी वसवली. तेव्हा या भागात उन्हाळ्यात बर्फ मिळणं अशक्यच होतं. 1833 साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तळ्यांवरचा कापलेला बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कोलकात्याला लागलं. निघताना 180 टन होता, पोचला साधारण 100 टन. पुढे मुंबई-मद्रासलाही असा बर्फ उतरायचा. मद्रासचं ते बर्फघर आज विवेकानंद हाऊस म्हणून उभं आहे. पण हा सगळा थाट बंदरांपुरता. नागपूरला रेल्वेच 1867 मध्ये आली. आमच्याकडे बर्फ खऱ्या अर्थाने आला तो अमोनिया वायू वापरून थंडावा करणाऱ्या यंत्रांनी, इथल्याच विहिरीचं पाणी गोठवून.

इमारत बघताना घाई करू नका. भिंत कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जाड. छत खूप उंच, आणि अगदी वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी उघड्या फटी. काकांना विचारलं तेव्हा कळलं की अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, गळती झाली तर वायू वरून निघून जावा म्हणून ती सोय. मशीनच्या खोलीत एका कोपऱ्यात सिमेंटचा चौथरा आहे, त्यातून गंजलेले चार जाड बोल्ट वर आलेले. तिथे पूर्वी तेलावरचं इंजिन होतं, वीज नंतर आली. इंजिन भंगारात गेलं, बोल्ट राहिले. मी त्यांच्यावर बराच वेळ हात ठेवून उभा होतो.

टाकी जमिनीत आहे. वर लाकडी फळ्या, त्यावरून आपण चालतो आणि पायाखाली मिठाचं पाणी शून्याच्या खाली आठ-दहा अंशांवर फिरत असतं. मीठ असल्याने ते स्वतः गोठत नाही, त्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांतलं गोडं पाणी मात्र गोठतं. टाकीच्या भोवती धानाचं तूस ठासून भरलंय. भंडारा-गोंदियाचा धानपट्टा शेजारी असताना याहून स्वस्त आणि चांगलं काय मिळणार! दीडशे किलोची लादी धरायला जवळपास दोन दिवस लागतात. डबा साखळीने उचलून साध्या पाण्यात बुडवतात, क्षणभर थांबतात, मग आडवा करतात. लादी सुटताना एक ओला, जड आवाज येतो आणि ती घसरत फळीवर येते. कडा काचेसारख्या, मधे पांढरा धुरकट पट्टा. पाण्यात विरघळलेली हवा गोठता गोठता मधे कोंडली जाते, तो तिचा रंग.

आपण एसी 'दीड टनाचा' म्हणतो, तो टन इथूनच आलेला आहे. एक टन म्हणजे चोवीस तासांत साधारण 907 किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता ओढणं. हे मला त्या फळ्यांवर उभं राहिल्यावर नीट उमगलं.

साडेपाचला गिऱ्हाईक सुरू. गोळेवाले, रसवंतीवाले, लग्नाचे केटरर. एक तरुण मुलगा दोन लाद्या मागायला आला, त्याची आजी वारली होती आणि त्याचे काका पुण्याहून यायचे होते. रांगेतल्या सगळ्यांनी न बोलता त्याला पुढे केलं. घरोघरी फ्रिज आले तरी या कारखान्याशिवाय कामठीचं अडतं, ते अशा वेळी.

जाणाऱ्यांनी एवढं सांभाळा. आधी परवानगी घ्या, गर्दीत मधे उभे राहू नका. बंद बूट घाला, फरशी कायम ओली असते. डोळे चुरचुरले की लगेच बाहेर पडा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा. काका गळती शोधायला गंधकाची काडी पेटवून पाइपाजवळ फिरवतात, अमोनिया असेल तिथे पांढरा धूर दाटतो. दाखवायला सांगितलंत तर दाखवतील, स्वतः प्रयोग करू नका. आणि निळसर बर्फ तोंडात घालू नका. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा करायचा, हा महाराष्ट्रात 2018 पासूनचा नियम आहे.

सातपर्यंत काम उरकतं. परतताना तर्री पोहे खा आणि नऊच्या आत घर गाठा, डोक्याला दुपट्टा बांधूनच. मी पांढऱ्या बर्फाचा पाचेक किलोचा तुकडा पोत्यात गुंडाळून आणला होता. घरी पोचलो तेव्हा आईने पोतं उघडून आधी तो गालाला लावला.