लाँग्ज पीक: पहिल्या बर्फातली चढाई

सप्टेंबर संपत आला आणि कोलोरॅडोतल्या लाँग्ज पीकवर पहिला बर्फ पडला. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनीही रजा आधीच टाकली होती. पुढचे चार दिवस लख्ख ऊन होतं. खालून बघताना शिखरावर पांढरं कमी आणि कातळ जास्त दिसायला लागला, तेव्हा ठरवलं, कीहोल नावाच्या खिंडीपर्यंत तर जाऊ, पुढचं तिथे बघू.

रात्री दोनला पार्किंगमधून निघालो. ती जागाच २,८६७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर उंच. शिखर ४,३४६ मीटर आणि जाऊन-येऊन साधारण २४ किलोमीटर. आधी झाडीतली वाट, मग झाडं संपल्यावरचा वारा, हेडटॉर्चच्या उजेडात नुसतं चालत राहायचं. बोल्डरफील्डमध्ये मात्र धोंड्यांमधल्या फटींवर बर्फाची साय धरली होती. वरून सपाट दिसायचं आणि आत पोकळ. एकदा माझा पाय मांडीपर्यंत आत गेला. त्यानंतर प्रत्येक पाऊल काठीने ठोकून बघूनच टाकलं.

कीहोल म्हणजे डोंगराच्या धारेतली खिंड, वर एका बाजूने कातळ पुढे झुकलेला. राजगडाचं नेढं पाहिलेल्या माणसाला त्याची आठवण येतेच. शेजारी घुमटीसारखा गोल दगडी निवारा आहे, गिर्यारोहक ॲग्नेस वेल यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये बांधलेला. १९२५ च्या जानेवारीत त्या पूर्वेच्या कड्याने शिखरावर पोचल्या, पण उतरताना थकून थंडीने गेल्या. त्यांना सोडवायला निघालेल्या एका माणसाचाही त्यात जीव गेला. उजाडेपर्यंत आम्ही तिथे चहा प्यायलो. दोघंही फार बोललो नाही.

कीहोल ओलांडलं की डोंगराची पश्चिम बाजू लागते आणि सकाळी ती सगळी सावलीत असते. वाट दाखवायला कातळावर पिवळे-लाल ठिपके रंगवलेत, पण त्यातले निम्मे बर्फाखाली. हातमोज्याने पुसून शोधत पुढे सरकत होतो. मी नाशिकची, हरिहरच्या पायऱ्या आणि त्र्यंबक रांगेतले कातळ चढत मोठी झाले. ओला कातळ घसरतो, पण निदान तो दिसतो. पहिला बर्फ बोटभरच असतो आणि तोच त्रासाचा. वसंतातला जुना बर्फ दबून घट्ट झालेला असतो. त्यात बूट मारला की पायरी होते, आईस ॲक्स रोवली की धरते. हा नवा बर्फ कोरड्या साखरेसारखा, खालचं सगळं झाकतो आणि वजन मात्र घेत नाही. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायचे लोखंडी काटे, घालावेत, तर पुढच्याच पावलाला उघडा ग्रॅनाइट आणि त्यावर लोखंड घसरतं. काढ-घाल करण्यात आमचा तास गेला असेल. तो मी वाया गेला असं मानत नाही.

पुढचा ट्रफ म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखी सैल दगडांची घळ. एकामागे एक चढलो तर वरच्याचा दगड खालच्यावर येणार, म्हणून शेजारी-शेजारी चढलो. दोनदा दगड सुटले, दोन्ही वेळा आमच्या शेजारून गडगडत खाली गेले. घळीच्या तोंडाशी धोंडा अडकलेला आहे, तो पार केला आणि एकदम उन्हात आलो. नॅरोज नाव ऐकूनच मला धडकी भरायची, पण दक्षिणेच्या उन्हाने ती अरुंद वाट सुकून गेली होती.

खरी परीक्षा होमस्ट्रेचची, म्हणजे माथ्याआधीच्या शेवटच्या चढाची. गुळगुळीत तिरक्या कातळपट्ट्या आणि त्यातल्या भेगा. हात-पाय ठेवायला त्या भेगाच काय त्या. दिवसा वरचा बर्फ वितळतो, पाणी नेमकं त्या भेगांमधून उतरतं आणि रात्री तिथेच गोठतं. भेगेत बोट घातलं तर आत काचेचा पातळ थर. हातमोजा काढून नखाने खरवडला, निघेना. मग ॲक्सच्या टोकाने टिचकी मारल्यासारखं हळूहळू फोडलं, तर एकेक पापुद्रा खाली किणकिणत गेला.

खालून भावाने विचारलं, "ताई, उजवा पाय कुठे टाकू?"

"तिथेच थांब," मी म्हटलं. "आत्ता कोणीच काही टाकायचं नाही."

मी उतरून त्याच्याजवळ आले. कोपऱ्यात पाठ टेकून आम्ही अर्धा तास ऊन वर सरकायची वाट बघितली. त्या दिवसातला हा सगळ्यात चांगला निर्णय होता असं मला आजही वाटतं. भेगा काळ्या आणि ओल्या दिसायला लागल्यावर पुन्हा सुरुवात केली. "तुझ्या गुडघ्याच्या वर टीचभर खाच आहे. टाच खाली ठेव." तो एकेक पाऊल सांगेल तसं टाकत आला.

अकराच्या सुमाराला वर पोचलो. माथा मैदानासारखा सपाट. १८६८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांची तुकडी इथे आली, ती पहिली नोंदलेली चढाई. वीस मिनिटांत उतरायला लागलो, कातळाकडे तोंड करून आणि चढतानापेक्षाही सावकाश.

कीहोलशी दोन वाजले होते. तिथे दोन मुली नुकत्याच पोचल्या होत्या, पायात धावायचे बूट. पुढे कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना होमस्ट्रेचचे फोटो दाखवले आणि किती वेळ लागला तेही सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि आमच्याबरोबर मागे फिरल्या. ग्रॅनाइट पासच्या खाली सावलीतला बर्फ लोकांच्या पायांनी दबून निसरडा झाला होता. तिथे भावाने आपले मायक्रोस्पाइक काढून त्यातल्या एकीला दिले, मी माझे दुसरीला, आणि काठ्या टेकत आम्ही चौघं अंधारायच्या आत पार्किंगला पोचलो.