चूक कोणाची, असं तुम्ही विचारलंत म्हणून

पोटाच्या डायलिसिसवरच्या माणसाला इन्फेक्शन झालं की घरचे मला बाजूला घेऊन विचारतात, "सिस्टर, चूक कोणाची?" इतकी वर्षं मी "आता ते सोडा" म्हणून वेळ मारून नेली. कारण हा प्रश्न आधी मीच विचारायचे.

या डायलिसिसमध्ये नळीवाटे बॅगेतलं पाणी पोटात सोडतात आणि काही तासांनी ते बाहेर काढतात. एक बाई स्वतःच या बॅगा बदलायच्या. पहिल्यांदा पोटातून निघालेलं पाणी गढूळ आलं, म्हणजे इन्फेक्शनची खूण, तेव्हा लगेच बॅग घेऊन आल्या. पोट किती दुखतंय हे विचारण्याआधी मी विचारलं, "हात नीट धुतले होते ना? मास्क होता?" कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जंतू निघाले आणि मी म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" बॅगेतून अँटिबायोटिक दिलं, त्या बऱ्या झाल्या.

काही महिन्यांनी पुन्हा पाणी गढुळलं. या वेळी त्यांनी ते ओतून टाकलं. दोन दिवस घरात कोणाला बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा ताप होता, पोटाला हात लावू देत नव्हत्या. पाण्याच्या तपासणीत पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे १०० या मर्यादेच्या कितीतरी वर, बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी. कल्चरची वाट न पाहता औषध सुरू केलं. कल्चरमध्ये ई. कोलाय आला, म्हणजे आतड्यातला जंतू. बद्धकोष्ठ त्यांना होतंच. तो बहुधा तिथूनच उतरला असावा, हातांवरून नव्हे. ५ दिवस योग्य औषध देऊनही पाणी निवळलं नाही. अशा वेळी नळी ठेवणं जिवावर बेततं, म्हणून ती काढली. त्या हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करण्यावर गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही परत हातांचंच विचाराल, म्हणून आले नाही."

पण मग विचारायचंच नाही का? हात धुणं, मास्क, नळी पोटातून बाहेर येते तिथल्या त्वचेवर रोज म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम, यांनी इन्फेक्शन खरंच टळतं. कुठे चुकतंय ते कळलं नाही तर पुन्हा शिकवणार काय? तेव्हाही मी स्वतःला हेच सांगत होते, आणि ते आजही मला खोटं वाटत नाही. आता फक्त आधी म्हणते, "बॅग आणलीत, बरं केलंत." हातांचं नंतर, पाणी निवळल्यावर. तरी काहींच्या चेहऱ्यावर तीच भीती दिसते.

डॉक्टर म्हणाले होते, त्या दोन दिवस आधी आल्या असत्या तरी नळी वाचलीच असती असं नाही. ते खरं होतं, की माझी समजूत काढायला म्हणाले, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.