असेटो कोर्सात ग्रिडवर अडखळणारं चित्र: सेटिंग बदलण्याआधी ओझं कोणावर आहे ते बघा

असेटो कोर्सा या कार-रेसिंग गेममध्ये मोकळ्या ट्रॅकवर १४० एफपीएस (सेकंदाला इतकी चित्रं, म्हणजे फ्रेम) दिसतात आणि वीस गाड्यांच्या रेसमध्ये ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, शेवटच्या जागेवरून सुटलं की पहिल्याच वळणावर चित्र अडखळतं. मग बहुतेक जण रिझोल्यूशन कमी करतात, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद करतात. चित्र खराब होतं आणि अडखळणं तसंच राहतं. हा प्रश्न मी माझ्या मशीनवर ज्या क्रमाने सोडवला, तो क्रम इथे देतो. मशीन मधल्या दर्जाचं आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड (६ जीबी), १६ जीबी डीडीआर४ रॅम, १०८०पी रिझोल्यूशनचा १४४ हर्ट्झ फ्रीसिंक (कार्डाच्या फ्रेमशी स्वतःचा वेग जुळवून घेणारा) मॉनिटर. गेम म्हणजे २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला कुनोसचा मूळ असेटो कोर्सा, सोबत कंटेंट मॅनेजर (गेम सुरू करण्याचं आणि सेटिंगचं बाहेरचं सॉफ्टवेअर) आणि कस्टम शेडर्स पॅच (ग्राफिक्स सुधारणारी जोड).

एफपीएसचा सरासरी आकडा मी बघतच नाही, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते बघतो. ६० एफपीएस म्हणजे फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ९० म्हणजे ११.१, १४४ म्हणजे ६.९. ताशी २५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ६९ मीटर जाते. एकच फ्रेम ५० मिलिसेकंद रेंगाळली, तर पुढचं चित्र येईपर्यंत गाडी साडेतीन मीटर पुढे गेलेली असते. बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर केमेल स्ट्रेट या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेक दाबताना एवढा फरक पुरेसा असतो. सरासरी मात्र १२० दाखवते, कारण एका सेकंदातल्या एकशे वीस फ्रेममध्ये ती एक वाईट फ्रेम बुडून जाते. म्हणून आफ्टरबर्नर या कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या रिवाट्यूनरमध्ये फ्रेमटाइमचा आलेख स्क्रीनवर लावला. त्याच्याच शेजारी ग्राफिक्स कार्डचा वापर, कार्डची मेमरी, कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींचं तापमान आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी कामाची एक रांग) वेगळा वापर असे आकडे ठेवले.

चाचणी दर वेळी तीच: स्पा, वीस गाड्या, शेवटची जागा, दुपारचं स्वच्छ हवामान, ग्रिडपासून ला सूर्सचा हेअरपिन आणि राइडियाँ ही वळणं ओलांडेपर्यंत. नवीन गाड्या किंवा ट्रॅक टाकल्यावरची पहिली सुरुवात मी मोजत नाही, कारण तेव्हा टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) आणि शेडर (प्रकाश-रंगाचे छोटे प्रोग्राम) लोड होत असतात. रिप्लेवर चाचणी घेऊ नका. रिप्लेमध्ये फिजिक्सचं (गाडीच्या हालचालीचं) गणित होत नाही, त्यामुळे तिथले आकडे नेहमी खोटी आशा दाखवतात.

सेटिंगला हात लावण्याआधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. रॅम ३२०० ची घेतलेली असते आणि वेग २४०० किंवा २१३३ दिसतो, हे फार वेळा आढळतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी हा रॅमच्या वेगाचा पर्याय चालू केल्याशिवाय रॅम पूर्ण वेगाने चालत नाही (काही एएमडी बोर्डांवर याच पर्यायाला डीओसीपी म्हणतात). त्याच पानावर स्लॉट किती वापरात आहेत तेही दिसतं. एकच पट्टी असेल तर मेमरीची अर्धी वाट बंद आहे असं समजा. दोन पट्ट्या असतील आणि बोर्डावर चार स्लॉट असतील, तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. रायझनवर या दोन गोष्टींचा परिणाम थेट वाईट फ्रेमवर दिसतो, आणि एक्सएमपीला तर पैसाही लागत नाही. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवला आणि गेम बारचं पार्श्वभूमीला चालणारं रेकॉर्डिंग बंद केलं. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ही वीज वाचवणारी सोयही बंद केली, नाहीतर स्टीअरिंग व्हील मधेच डिस्कनेक्ट होऊ शकतं.

आता मूळ मुद्दा. ग्रिडवर उभं असताना कार्डचा वापर ९७-९९ टक्के असेल तर ओझं कार्डावर आहे. माझ्याकडे तो साठ-पासष्टच्या आसपास होता आणि तरी फ्रेम उशिरा येत होत्या. म्हणजे कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं. प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्के दिसतो म्हणून तो निवांत आहे असं मानणं ही इथली नेहमीची चूक. बारा थ्रेडपैकी एक जरी पूर्ण भरला तरी एकूण आकडा आठ टक्क्यांनीच वाढतो. हा गेम वापरतो त्या डायरेक्टएक्स ११ या ग्राफिक्स प्रणालीमध्ये 'ही वस्तू काढ' असे आदेश कार्डाला देण्याचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर पडतं, आणि तोच भरलेला असतो.

अशा वेळी कोणती सेटिंग काम करेल? जी आदेशांची संख्या कमी करेल ती. एक गाडी म्हणजे बॉडी, काचा, चाकं, आतला भाग असे कितीतरी वेगळे तुकडे. ते मुख्य चित्रात एकदा काढले जातात, सावल्यांसाठी पुन्हा, आरशांसाठी पुन्हा आणि बॉनेटवर दिसणाऱ्या प्रतिबिंबासाठी पुन्हा. पुढे एकोणीस गाड्या आहेत, म्हणजे हा हिशेब एकोणीस वेळा. नावाला या सगळ्या 'ग्राफिक्स' सेटिंग आहेत, पण ग्रिडवर त्यांचं ओझं प्रोसेसर वाहतो.

सगळ्यात मोठा फायदा प्रतिबिंबांनी दिला. कंटेंट मॅनेजरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये क्यूबमॅपचे, म्हणजे या प्रतिबिंबांचे, तीन पर्याय आहेत: रिझोल्यूशन, दर फ्रेमला किती बाजू काढायच्या आणि किती अंतरापर्यंतचं दाखवायचं. गाडीभोवतीचं दृश्य सहा बाजूंच्या खोक्यासारखं काढतात. दर फ्रेमला सहाही बाजू ठेवल्या, तर मुख्य चित्राव्यतिरिक्त भोवतालचं दृश्य आणखी सहा दिशांनी काढलं जातं. एकच बाजू ठेवली, तर पूर्ण प्रतिबिंब सहा फ्रेमनंतर ताजं होतं, म्हणजे ९० एफपीएसला साधारण ६७ मिलिसेकंदांनी. कॉकपिटमधून गाडी चालवताना हा उशीर मला कधीच जाणवला नाही. मी बाजू ३ वरून १ वर आणल्या आणि अंतर ६०० वरून ३०० केलं. रिझोल्यूशन १०२४ च राहू दिलं, कारण ते कमी केल्याने कार्डाचं काम हलकं होतं, आदेश तेवढेच राहतात.

आरशांचंही तसंच. आरशाचं रिझोल्यूशन घटवून ग्रिडवर काही मिळत नाही, पण उच्च दर्जाच्या आरशांची खूण काढली की फरक दिसतो. आरसे पूर्ण बंद करू नका, शेजारी गाडी आहे की नाही हे कळायलाच हवं. आरशात धूर दाखवण्याची वेगळी खूण आहे, ती बिनधास्त काढा. वर्ल्ड डिटेल 'मॅक्सिमम'वरून 'हाय'वर आणलं, कडेच्या वस्तू थोड्या कमी झाल्या. सावल्यांचं रिझोल्यूशन २०४८ वर. उरलेलं काम कार्डाचं होतं आणि कार्डाला जागा होती, म्हणून ४ पट एमएसएए (अँटी-अलायझिंगचा प्रकार) आणि १६ पट ॲनिसोट्रॉपिक (लांबचा रस्ता स्पष्ट दाखवणारं फिल्टरिंग) तसंच ठेवलं. शेडर्स पॅचमधलं एक्स्ट्रा एफएक्स (जादा दृश्य परिणाम) मात्र या कार्डाला जड जातं, ते बंद.

इतरांनी बनवलेल्या, बाहेरून आणलेल्या मॉड गाड्यांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. कुनोसच्या गाडीचा फोल्डर उघडलात तर केएन५ प्रकारच्या बऱ्याच फाइल दिसतात: एक पूर्ण तपशिलाची, मग नावापुढे लॉड-बी, लॉड-सी, लॉड-डी लिहिलेल्या. गाडी लांब गेली की गेम हलकी फाइल वापरतो. काही मॉडमध्ये एकच अवजड फाइल आणि जोडीला कोलायडर (टक्कर मोजायचा साधा आकार) एवढंच असतं. अशी गाडी तीनशे मीटर पुढे ठिपक्याएवढी दिसत असली तरी स्टीअरिंगच्या बटणांसकट पूर्ण काढली जाते. अशा वीस गाड्यांच्या ग्रिडवर कुठलीही सेटिंग उपयोगी पडत नाही. दुसरी अडचण टेक्स्चरची. प्रत्येक गाडीची स्किन (बाहेरची रंगसंगती) ४के असली की कार्डाची ६ जीबी मेमरी भरते, टेक्स्चर साध्या रॅममधून मागवावे लागतात आणि आलेखात लांब-लांब अंतराने उंच सुळके येतात. आफ्टरबर्नरमध्ये कार्डची मेमरी काठोकाठ दिसली की कारण तेच.

फिजिक्सचा हिशेब आणखी वेगळा. ते सेकंदाला ३३३ वेळा मोजलं जातं, म्हणजे दर पायरीला ३ मिलिसेकंद. गेममधल्या रेंडर स्टॅट्स ॲपमध्ये सीपीयू ऑक्युपन्सीचा आकडा दिसतो, तो याच तीन मिलिसेकंदांतला किती वेळ वापरला गेला ते सांगतो. तो ९९ टक्क्यांवर गेला की गेम स्क्रीनवर इशारा देतो. तेव्हा नुसतं चित्र अडखळत नाही. फोर्स फीडबॅक (स्टीअरिंग व्हीलमधून हाताला जाणवणारा जोर) फिजिक्समधूनच येत असल्याने स्टीअरिंगचा ताण खरखरीत आणि उशिराचा वाटू लागतो. ग्राफिक्सची सेटिंग कमी करून हे सुटत नाही. गाड्या कमी करा किंवा गुंतागुंतीच्या फिजिक्सची मॉड गाडी बदला. मी वीसच्या पुढे जात नाही.

एवढं झाल्यावर फ्रेमला मर्यादा घातली. ग्रिडवर मशीन कायम किती देऊ शकतं ते बघितलं आणि रिवाट्यूनरमध्ये ९० चा आकडा टाकला. मोकळ्या ट्रॅकवर १४० मिळत असताना ९० का? कारण कायम ९० राहिले तर डोळ्यांना काही खटकत नाही, १४० वरून ८० वर पडणं लगेच कळतं. फ्रीसिंक डिस्प्लेपोर्टने जोडलेलं आहे, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक (एनव्हिडियाची तशीच सोय) चालू, तिथलंच व्ही-सिंक (चित्र फाटू नये म्हणून फ्रेम मॉनिटरच्या वेळेवर दाखवणं) चालू आणि गेममधलं बंद. मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा असेल तर मर्यादा ६० ठेवा आणि व्ही-सिंकने स्टीअरिंगला उशीर जाणवतो का ते स्वतः चालवून ठरवा.

राहिली उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३६-३८ अंशांवर असते आणि दोन मिनिटांच्या चाचणीत काहीच कळत नाही. वीस मिनिटं सलग चालवून मग तापमान आणि क्लॉक (कार्ड चालण्याचा वेग) बघा. तापमान वाढत गेलं की या कार्डाचा क्लॉक उतरू लागतो, म्हणून कार्ड कमी व्होल्टेजवर चालवलं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडला, ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर नेला, त्याच्या पुढचे सगळे ठिपके त्याच रेषेत सपाट केले आणि लागू केलं. पंख्याचा आवाज कमी झाला आणि क्लॉक जागेवर राहिला. प्रत्येक कार्ड वेगळं असतं. गेम बंद पडला किंवा चित्रात चौकोन दिसले तर त्याच व्होल्टेजवर १५-१५ मेगाहर्ट्झ खाली या.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक बदलानंतर ग्रिडवरून तीनदा सुटा. माझ्या वहीत प्रत्येक बदलापुढे तीन आकडे आहेत: सर्वांत लांब फ्रेम, कार्डचा वापर आणि ऑक्युपन्सी. नवीन ट्रॅक टाकला की पहिल्यांदा त्याच तीन आकड्यांची ओळ भरतो, मग शर्यत.