कुत्रा शिकवायला शिट्टी कोणती घ्यावी: सहा आठवड्यांच्या सरावाची नोंद

सरावात दोन कुत्री आहेत, एक लॅब्राडॉर आणि एक कारवान (कारवान हाउंड, देशी शिकारी जात). जागा खारघरमधलं कुंपण असलेलं रिकामं मैदान, वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे सगळं काम कॅनव्हासच्या डमीवर, म्हणजे शिकारीच्या जागी फेकायच्या नकली वस्तूवर, चालतं: फेकलेली डमी शोधून आणणं, लांबवर असताना थांबणं, बोलावलं की सरळ परत येणं. शिट्टीचे इशारे मात्र ब्रिटनमध्ये बंदुकीच्या शिकारीत मदत करणाऱ्या कुत्र्यांचेच. एक लांब फुंकर म्हणजे थांब आणि बस. ओळीने आखूड टुट-टुट-टुट म्हणजे ये.

पहिला आठवडा

या आठवड्यात काहीच विकत घेतलं नाही, फक्त ऐकलं. तुम्हीही हेच करा. गाडी मागे घेताना वॉचमन शिट्टी वाजवतो, सिग्नलवर वाहतूक पोलीस वाजवतो, मैदानावर फुटबॉलचे कोच वाजवतात, आणि सकाळी प्रत्येक मजल्यावर कुकर असतोच. वॉचमनची आणि पोलिसांची शिट्टी बहुतेक वेळा गोळीची, म्हणजे आत बुचाची किंवा प्लास्टिकची गोटी फिरून थरथरता आवाज देणारी. कुत्रा हा आवाज दिवसभर ऐकतो आणि त्यानंतर त्याच्यासाठी काहीच घडत नाही. त्याच आवाजावर ‘ये’ शिकवणं म्हणजे गिरगटलेल्या पाटीवर अक्षर काढण्यासारखं आहे. ठाणे-नवी मुंबईत शिट्टी निवडताना पहिला प्रश्न ती किती लांब ऐकू जाते हा नाही. आपल्या परिसरात दुसरं कोणी ती वाजवत नाही ना, हा आहे.

म्हणून गोळीची शिट्टी बाद. शिवाय थुंकीने आणि पावसाळी दमटपणाने बुचाची गोळी फुगते, अडकते, आणि ऐन वेळी नुसती फुस्स हवा निघते. फॉक्स 40 या खेळाच्या शिट्टीत गोळी नाही, तीन कप्प्यांचा आवाज प्रचंड मोठा असतो, पण ती खेळाच्या मैदानांवर सर्रास वाजते. आपत्कालीन वापरासाठी सॅकमध्ये असू द्यावी, प्रशिक्षणाला नको.

दुसरा आठवडा

निवड ॲक्मी या ब्रिटिश कंपनीच्या 210½ आणि 211½ या दोन प्लास्टिकच्या, बिनगोळीच्या शिट्ट्यांवर आली. 210½ चा सूर साधारण 5900 हर्ट्झ, 211½ चा 5480. परंपरेने पहिली जवळपास काम करणाऱ्या स्पॅनियल जातींसाठी आणि दुसरी लांब जाऊन वस्तू आणणाऱ्या लॅब्राडॉरसारख्या रिट्रीव्हर जातींसाठी मानतात. लांब अंतरावर खालचा सूर थोडा अधिक टिकतो, पण या दोघींतला फरक फार नाही. खरा फायदा वेगळाच आहे: एकाच क्रमांकाच्या शिट्ट्यांचा सूर एकच असतो. हरवली तर दुसरी घ्या, कुत्र्याला फरक कळत नाही. म्हणून एकाच क्रमांकाच्या दोन घ्याव्यात, एक गळ्यात आणि एक घरी. शिंगाची हाताने केलेली शिट्टी दिसायला देखणी, पण प्रत्येक नगाचा सूर निराळा, हरवली की जोडी मिळणं कठीण. निकेलच्या मुलाम्याची पितळी शिट्टी खाडीच्या खाऱ्या हवेत काळवंडते.

बनावट माल ओळखायला फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणता सूर किती जोरात आहे त्याचा आलेख, दाखवणारं ॲप पुरतं. सारख्या जोराने पाच वेळा फुंकून पाहा. आलेखाचं शिखर सांगितलेल्या आकड्यापासून फार दूर असेल किंवा दर फुंकरीला सरकत असेल, तर परत करा.

‘मूक’, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या, शिट्टीबद्दल विचारणा नेहमी होते. ॲक्मी 535 चा सूर स्क्रूने 5400 पासून 12800 हर्ट्झपर्यंत बदलता येतो, म्हणजे ती पूर्ण मूक नाहीच. माणसाचा कान तरुणपणी 20000 च्या आसपासपर्यंत ऐकतो. कुत्र्याला साधारण 45000 पर्यंत ऐकू येतं, त्यामुळे त्याची अडचण नाही. अडचण आपली आहे. स्क्रू जागी धरणारा लॉक नट ढिला होऊन स्क्रू सरकला की सूर बदलतो, आणि आपल्या कानाला तो नीट कळत नसल्याने चूक पकडता येत नाही. वरचे सूर हवेत आणि झाडीत लवकर विरतात, हा आणखी तोटा. साठीपुढच्या हँडलरांनी (कुत्रा शिकवणाऱ्यांनी) तर 5900 सुद्धा स्वतःला स्वच्छ ऐकू येतो का ते तपासावं. नसेल तर 211½ घ्यावी.

तिसरा आणि चौथा आठवडा

शिट्टी दातांत हलकेच धरायची आणि ओठ बंद ठेवायचे. आखूड टुट गालाने फुंकून निघत नाही, जिभेच्या टोकाने ‘तु-तु-तु’ म्हणत तोडावी लागते. घरात अगदी हळू फुंका, कुत्र्याच्या कानाजवळ कधीच नको.

आधी नुसती जोड: तीन टुट, आणि एक-दोन सेकंदांत खाऊ. एका बैठकीत 10 ते 12 वेळा, दिवसातून दोन बैठका. मग 10 मीटरच्या दोरीवर. ‘थांब’साठी क्रम महत्त्वाचा: आधी लांब फुंकर, एक सेकंद थांबून ‘बस’ आणि हात वर. दोन्ही एकदम दिलं तर कुत्रा ओळखीच्या शब्दावरच चालतो आणि शिट्टी शिकतच नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं. दुसरी चूक म्हणजे तो आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा फुंकणं. एकदाच फुंका, नाही आला तर दोरी ओढून घ्या, पुढच्या वेळी अंतर निम्मं करा. घरातल्या सगळ्यांनी एकच नमुना वाजवायचा. कोणी तीन टुट, कोणी पाच, असं नको.

पाचवा आठवडा

कारवानला वेगळी वागणूक द्यावी लागते. तो डोळ्यांनी शिकार करणारा, पळता प्राणी दिसला आणि वेग धरला की कान जणू बंद. शिट्टी त्याआधी, मान ताठ होऊन नजर रोखली त्या क्षणी हवी. लॅब्राडॉर नाकाने शोधत असतो, मध्येच थांबवता येतो.

सहावा आठवडा

वाऱ्याचा हिशेब. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात. वाऱ्याविरुद्ध फुंकलेला आवाज वर वळतो आणि लांबच्या कुत्र्यापर्यंत कमी पोचतो. सकाळी मतलई वारे मंद असतात, म्हणून सराव सकाळीच. पण सहाच्या आधी नाही, रात्री दहा ते सकाळी सहा हा ध्वनिप्रदूषण नियमांतला रात्रीचा काळ आहे. येऊर या सरावासाठी टाळा, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळींच्या काठीही कुत्रा मोकळा सोडू नये.

शिट्टी रोज कोमट पाण्यात साबणाने धुवावी, उकळू नये. फुंकर बसत नसेल तर शिट्टीच्या खिडकीवर, म्हणजे आवाज निघतो त्या फटीवर, बोट ठेवून जोरात फुंका, अडकलेली थुंकी निघून जाते.

पुढच्या आठवड्यात अंतर 40 वरून 60 मीटर, तेही वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने.