तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या बोटीचा कन्सोल कुठे बसवायचा?

न्यू जर्सीत बार्नेगट बे या खाडीच्या काठी जुन्या फायबरच्या बोटी स्वस्तात मिळतात. आपल्यातलं कुणी अशी बोट घेऊन सोलून-घासून नवी करायला काढलं की मला फोन येतोच: "कन्सोल होता तिथेच बसवू, की थोडा पुढे घेऊ?" कन्सोल म्हणजे स्टिअरिंग, थ्रॉटल आणि मीटर असलेली ती उभी पेटी. बहुतेकांच्या अंगणात बॉस्टन व्हेलर कंपनीची १७ फुटी मॉन्टॉक बोट असते, म्हणून तिच्याबद्दलच सांगतो.

फोन करणाऱ्यांनी टेप लावून ठेवलेली असते. पुढे मासे मारायला किती जागा उरेल, मागे कूलर मावेल का, हे सगळं मोजून झालेलं असतं. ते मोजायला हवंच. पण बोट पाण्यात कशी बसते हे वजनावर ठरतं, आणि त्यातला मोठा वाटा स्टिअरिंगमागे उभ्या असलेल्या माणसांचा असतो. कन्सोल हलवला की माणसंही हलतात.

जुनी जागा चुकीची नव्हती. ती त्या काळच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी ठरवलेली होती. आज त्याच ९० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक लावलं तर पिछाडीवर २५ ते ४५ किलो जास्त येतात. मग नांगरून उभं असताना मागच्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि वेग घेताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, इतकी वर जाते की समोरचं दिसत नाही.

हिशोब सी-सॉसारखा आहे. बोटीच्या तोलाच्या बिंदूपासून इंजिन साधारण दोन मीटर मागे. वाढीव ४० किलो गुणिले दोन, म्हणजे ८०. कन्सोल, बैठक आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरा. ती ३० सेंटिमीटर पुढे नेली तर ७५. म्हणजे फूटभर सरकवलं की जवळपास फिटलं. पण पिछाडीला असलेली २५ किलोची बॅटरी कन्सोलच्या पोटात नेली तर ती एकटीच दोन मीटर पुढे येते आणि ५० फेडते. म्हणून माझा सल्ला ठरलेला: आधी बॅटरी हलवा. त्यासाठी जाड केबल लागते आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बरेचदा त्यानंतर कन्सोल जेमतेम वीतभर सरकवावा लागतो.

फार पुढे नेऊ नका असं मी कळकळीने सांगतो. उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीवर नैर्ऋत्येचा वारा उठतो आणि उथळ पाण्यात आखूड, टोचऱ्या लाटा उभ्या राहतात. मॉन्टॉकचा तळ स्थिर आहे, पण अशा लाटांवर नाळ आपटते. जितकं पुढे उभं राहाल तितका तो मार गुडघ्यांना आणि कमरेला. सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील तर हे आधी बघा, मोकळी जागा नंतर. कन्सोल एका बाजूला घ्यावा का, असंही विचारतात. बोट जेमतेम सहा फूट रुंद आहे, दोघं एकाच बाजूला उभे राहिले की ती कलते. मी मधोमधच ठेवतो.

जागा जमिनीवर ठरवू नका. कन्सोल जुन्याच जागी पक्का असू द्या, टाकी भरा आणि वाळूच्या पोत्या घेऊन पाण्यात जा. पोत्या मागून पुढे सरकवत राहा. मागचं पाणी कधी ओसरतं, नाळ कधी खाली येते ते पाहा. किती वजन किती पुढे गेल्यावर बोट सुधारली हे कळलं की वरच्याच गुणाकाराने कन्सोल किती सरकवायचा ते निघतं.

मग स्क्रू. व्हेलरच्या दोन कवचांमध्ये फोम भरलेला असतो. १९६१ साली लाइफ मासिकात छायाचित्रं आली होती: कंपनीचे संस्थापक रिचर्ड फिशर बसलेले असतानाच बोट करवतीने मधोमध कापली आणि मागचा अर्धा भाग त्यांनी तसाच चालवत नेला. ती ताकद फोमची. पण फोममध्ये स्क्रू धरत नाही आणि छिद्रातून पाणी आत शिरतं. आत ठरावीक ठिकाणी लाकडाचे तुकडे बसवलेले असतात, स्क्रू तिथेच मारायचे. ते कुठे आहेत हे दाखवणारे कारखान्याचे नकाशे मिळतात. नव्या जागेखाली लाकूड नसेल तर डेकवर इपॉक्सीने जाड मरीन प्लाय चिकटवा, त्यावर फायबर चढवा आणि स्क्रू त्या प्लायपुरतेच मारा. जुनी छिद्रं मोठी करून, आतला ओलावा सुकवून, घट्ट इपॉक्सीने भरा. नुसतं सीलंट भरून ठेवू नका.

स्टिअरिंगच्या आणि थ्रॉटलच्या केबल सगळ्यात शेवटी घ्या. त्या ठरावीक लांबीच्या येतात, कापून लहान करता येत नाहीत आणि आवळून वळवल्या तर जड चालतात. कन्सोल पक्का झाल्यावर दोरी लावून लांबी मोजा, वळणं मोठी ठेवा, मगच ऑर्डर द्या.