चर्चिलला टाळ्या

१ फेब्रुवारी २००८ च्या रात्री मुंबईत हजारो लोकांनी विन्स्टन चर्चिलला शिट्ट्या मारून दाद दिली. त्यांतला एक मी. ठिकाण वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सचं, म्हणजे बीकेसीचं मैदान, निमित्त आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा कार्यक्रम.

मेडनचा त्या वर्षीचा जगभराचा दौरा मुंबईपासूनच सुरू होत होता. गायक ब्रूस डिकिन्सन हा खरोखरचा वैमानिक. वाद्यं, माणसं, सामान सगळं एका बोइंग ७५७ मध्ये भरून तोच ते विमान चालवणार, याचं आम्हाला गाण्यांइतकंच अप्रूप होतं. मैदानात जिकडे पाहावं तिकडे काळे टी-शर्ट. दिवे गेले आणि स्पीकरमधून तो घोगरा म्हातारा आवाज आला. समुद्रकिनाऱ्यांवर लढू, शेतांत लढू, रस्त्यांवर लढू, शरण जाणार नाही. मेडनच्या १९८५ च्या लाइव्ह अल्बमची सुरुवातच या भाषणानं होते, त्यामुळे कॅसेटी झिजवलेल्या प्रत्येकाला ते पाठ. शेवटचं वाक्य तर चर्चिलच्या आधी आम्हीच म्हणून टाकलं.

मूळ भाषण ४ जून १९४० चं, ब्रिटिश संसदेतलं. पण तिथे त्याचं ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं; हा आवाज चर्चिलनं १९४९ साली सावकाश रेकॉर्ड केलेला. म्हणजे तेही स्टुडिओ व्हर्जनच! गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवणारा, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात धान्य पाठवायला हात आखडता घेणारा हाच माणूस. हे सगळं शाळेत शिकलो होतो, त्यावर मार्कही मिळवले होते. मैदानात त्यातलं काही आठवलं नाही. भाषण संपता संपता तीन गिटार एकदम कोसळल्या आणि पुढचे दोन तास मी कुणाचाच नागरिक नव्हतो.

मेडनचा श्रोता शब्दांवर थांबत नाही, तो गिटारही गातो. सोलोतली सुरावट अख्खं मैदान 'ओ ओ ओ' करत उचलतं आणि गायक माइक खाली करून नुसता उभा राहतो. कोलरिजच्या कवितेवरचं तेरा-चौदा मिनिटांचं गाणं लोक शब्द न चुकवता म्हणत होते. इंग्रजीच्या तासाला यातल्या किती जणांनी ती कविता वाचली असेल, देव जाणे.

दुसरा ब्रिटिश बँड पाहायला २०२५ उजाडलं. कोल्डप्ले, जानेवारी, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. तिकिटं भाचीनं मिळवली. ऑनलाइन रांगेतला लाखांच्या घरातला नंबर बघून मी आधीच लॅपटॉप मिटला होता. जागा पार वरच्या स्टँडमध्ये. तिथून ड्रमरची काठी आधी पडते आणि ठोका मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो हे तिथे पुस्तक न उघडता कळतं.

मनगटावर दिव्याचा पट्टा बांधलेला. गाण्यासरशी सगळं स्टेडियम लाल, निळं, पिवळं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू! पण रिमोट दुसऱ्याच्या हातात होता. बीकेसीत घसा आमचा आम्ही फोडला होता, इथे आम्हाला पेटवलं आणि विझवलं जात होतं. जाताना पट्टा परत करायचा; फुकट मिळालेली वस्तू परत देताना लोकांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

कार्यक्रमात मध्येच कोल्डप्लेचा गायक क्रिस मार्टिन म्हणाला की आम्ही ग्रेट ब्रिटनचे असूनही तुम्ही आमचं स्वागत करता, ब्रिटननं केलेल्या वाईट गोष्टींबद्दल आम्हाला माफ केल्याबद्दल आभार. स्टेडियमनं जल्लोष केला. मीही टाळ्या वाजवल्या, मग जरा हात थांबले. माफी मागितली कधी, दिली कुणी? पावती तर फाडून झाली! माणूस गोड आहे, मनापासूनच बोलला असावा. तरी मला मेडनचं बरं वाटलं. त्यांनी चर्चिल लावला, आमचं काही विचारलं नाही, आम्हीही त्यांना काही विचारलं नाही.

भाचीनं कानाशी येऊन विचारलं, "मामा, माफ कशाबद्दल केलं?"

मी बंगालपासून सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला मनगटं पेटली.

"नंतर सांग हं," म्हणत ती उभी राहिली. मागच्यांना दिसेना, म्हणून ते उभे राहिले. मग मलाही उठावंच लागलं.